ऐकू सगळं येत होतं, पोचत काहीच नव्हतं

सप्टेंबरातली संध्याकाळ. हर्णैच्या पश्चिमेला साधारण नऊ सागरी मैलांवर अकरा मीटरच्या एका गिलनेट नौकेच्या पंख्यात तिचंच जाळं गुंतलं आणि इंजिन बंद पडलं. नौकेवर तांडेल, म्हणजे नौका हाकणारा, आणि पाच खलाशी. वारा बेताचा, समुद्र बरा. जीव जाईल असं काही नव्हतं, पण पंखा मोकळा होईना आणि अंधार पडत चालला होता. तांडेलाने वायरलेसचा माईक उचलला आणि वाडीतल्या नौकांना हाका मारायला सुरुवात केली. दीड तास तो हाका मारत होता. वाडीच्या चार-पाच नौका पाच ते सात मैलांच्या टप्प्यात होत्या. कोणाला बांगडा लागला, कोणाचा बर्फ संपला, कोण कधी परत फिरणार, सगळं त्याला सेटवर स्वच्छ ऐकू येत होतं. त्याची हाक मात्र कोणीही ऐकली नाही.

रात्री नऊच्या पुढे परत येणाऱ्या एका नौकेला टॉर्च दिसला. दोर लावून ओढत पहाटे बंदरात आणलं. माणसं सुखरूप, मासळी गेली, बर्फाचं पाणी झालं.

दोन दिवसांनी नाखवा, म्हणजे नौकेचे मालक, माझ्या दुकानात आले. मी दापोलीत इलेक्ट्रॉनिक्स दुरुस्तीचं काम करतो आणि मोसम सुरू होण्याआधी हर्णै-पाजपंढरीच्या नौकांचे सेट तपासून देतो. ते रागावलेले नव्हते, हे जास्त टोचलं. एवढंच म्हणाले, "दादा, तुमीच जुलैत बघून दिलेला सेट. समदं ऐकू येत होतं, पन आमचं कोनाला जात नव्हतं."

सेट मीच तपासला होता आणि "ओके" म्हणून चिठ्ठीही मीच दिली होती.

जुलैत मी काय केलं होतं

१ जूनपासून मासेमारी बंद, नौका आंजर्ल्याच्या खाडीत शाकारलेल्या. जुलैच्या शेवटच्या आठवड्यात ताडपत्र्या निघाल्या की माझी फेरी असते. त्या नौकेचा माईक खराब होता, तो बदलला. फ्यूज बदलला. इंजिन चालूच होतं, कारण मेकॅनिक त्याचं काम करत होता. सेटच्या मागे एसडब्ल्यूआर मीटर लावला, आकडा आला १.२. हा मीटर सांगतो की अँटेनाकडे पाठवलेल्या शक्तीपैकी किती परत फिरून येते. १.५ च्या आत म्हणजे उत्तम, २ पर्यंत चालतं, ३ आला तर पाव हिस्सा शक्ती उलटी येते. १.२ बघून मी खूश. मग दीडशे मीटरवरच्या नौकेला हाक मारली, "आवाज क्लिअर" असं उत्तर आलं, काम संपलं. पंधरा मिनिटं.

या पंधरा मिनिटांतली एकही गोष्ट खोटी नव्हती. सेट चांगला होता आणि मीटर बिघडलेला नव्हता. पण ज्या परिस्थितीत तांडेलाला सेट लागणार होता, तिच्याशी माझ्या तपासणीचा काडीचाही संबंध नव्हता. इंजिन चालू, समोरचा माणूस हाकेच्या अंतरावर, दिवसाढवळ्या, दिवे बंद. सप्टेंबरात यातलं प्रत्येक उलटं होतं.

इंजिन सुरू करू नका

या वेळी नौकेवर चढल्यावर पहिलं हेच सांगितलं. इंजिन चालू असताना डायनॅमो बॅटरीला चार्ज करत असतो आणि वायरिंगमध्ये १४ व्होल्टच्या आसपास मिळतात. वायरलेसची खरी गरज पडते तेव्हा बहुतेकदा इंजिनच बंद असतं.

बॅटरी स्वस्थ असताना १२.४ व्होल्ट. सेट ऐकण्यावर असताना त्याच्या मागेही जवळजवळ तेवढेच, कारण नुसतं ऐकायला सेट अर्धा अँपिअरसुद्धा घेत नाही. मग हाय पॉवरवर, म्हणजे २५ वॅटवर, माईकचं बटण दाबलं. आता सेट पाचेक अँपिअर खेचतो. बॅटरीच्या टोकांवर १२.२ होते, सेटच्या मागे १०.४. मधले १.८ व्होल्ट वाटेतच गेले.

वाट बघितली. एक चौरस मिलिमीटरची, घरात ट्यूबलाइटला वापरतात तसली वायर, बॅटरीपासून सेटपर्यंत नऊ मीटर. जाणं-येणं धरून अठरा. या वायरीला मीटरमागे सुमारे ०.०१८ ओहम रोध असतो, म्हणजे अठरा मीटरला ०.३२. पाच अँपिअरने गुणा: दीड व्होल्टच्या वर. उरलेले फ्यूजच्या हिरव्या पडलेल्या खोबणीत. आणि ही लाइन दिव्यांच्या लाइनमधूनच काढलेली, त्यामुळे रात्री दिवे लागले की अजून खाली. असे सेट १३.८ व्होल्टवर पंधरा टक्के इकडेतिकडे धरून बनवलेले असतात, ११.७ च्या खाली त्यांच्याकडून पूर्ण शक्तीची अपेक्षा करू नये. डमी लोड (अँटेनाच्या जागी लावायचा, शक्ती जिरवणारा रोध) लावून वॉटमीटरवर मोजलं: १०.४ व्होल्टवर सेट १४ वॅट देत होता. जाड वायरीने थेट बॅटरीला जोडला तर २४.

नाखव्यांना वाटलं, सापडलं. मलाही क्षणभर वाटलं. पण १४ वॅट काही थोडे नाहीत. हातात धरायच्या वॉकीला पाच वॅट असतात आणि तीसुद्धा दोन-तीन मैल सहज बोलते.

खोटं न बोलता फसवणारा मीटर

सेटपासून अँटेनापर्यंतची केबल आरजी-५८ जातीची, बारीक, चौदा मीटर लांब. गरज आठ मीटरची. उरलेली सहा मीटर गुंडाळी करून केबिनच्या छताखाली खिळ्याला टांगलेली. बसवणाऱ्याने "पुढे लागली तर" म्हणून ठेवली असणार. कोकणात दोरी आणि वायर कोणी कापत नाही.

अँटेनाच्या बुडाशी कनेक्टर काढला. पीएल-२५९. आतून हिरवट काळी माती निघाली. बाहेरून काळी इन्शुलेशन टेप गुंडाळलेली, पण उन्हाने तिचा गोंद वितळून टेप सैल झाली होती. खारं पाणी कनेक्टरमधून केबलच्या आतल्या तारांच्या जाळीत शिरलं की दिव्याच्या वातीत तेल चढावं तसं आत आत सरकत जातं. केबल दोन मीटरवर कापली, जाळी काळी. चार मीटरवर कापली, तरी काळीच.

खरं तर कापण्याआधी एक प्रयोग केला होता, तोच या प्रकरणाचा गाभा. सेटच्या बाजूने २४ वॅट सोडले आणि अँटेना काढून केबलच्या टोकाला वॉटमीटर आणि डमी लोड लावला. पोचले ३ वॅट. आठातला एक हिस्सा. डेसिबलच्या भाषेत नऊचं नुकसान (दर तीन डेसिबलला शक्ती निम्मी होते). सुकी, नवी आरजी-५८ असती तर चौदा मीटरला तीनेक डेसिबल गेले असते, तेसुद्धा मला जास्तच वाटतात.

मग डमी लोडही काढला. केबलचं टोक उघडं, अँटेना नाही, काहीच नाही. सेटच्या मागचा एसडब्ल्यूआर मीटर बघितला: १.३. अँटेना जोडलेली असताना १.२ होता. जिथे अँटेनाच नाही तिथे मीटर "सगळं ठीक" म्हणतोय.

कारण साधं आहे. मीटर फक्त परत आलेली शक्ती मोजतो. जाताना आठातला एक हिस्सा पोचला, तो पूर्णच्या पूर्ण उलटला तरी येताना पुन्हा त्याचा आठातला एकच हिस्सा उरतो. चौसष्टातला एक परत आला. मीटरला वाटलं, बाकीचे त्रेसष्ट अँटेनातून हवेत गेले. ते केबल गरम करण्यात गेले होते. केबल जितकी सडलेली, तितका सेटजवळचा आकडा देखणा. जुलैत मला १.२ बघून जो आनंद झाला, तो सडक्या केबलचा होता. म्हणून आता मी आधी अँटेना काढून आकडा बघतो. तो धाडकन वर गेला नाही तर केबलवर संशय. एक-दोन सेकंदच, आणि लो पॉवरवर, म्हणजे सेटला धक्का लागत नाही.

दोन्ही नुकसानं एकत्र करा: १४ वॅटचा आठवा हिस्सा. पावणेदोन वॅट. २५ वॅटचा सेट विकत घेतलेल्या माणसाच्या अँटेनावर पावणेदोन वॅट.

पण मग त्याला ऐकू कसं येत होतं? केबल तर येणाऱ्या आवाजालाही खातेच. खाते, पण ज्यांचं तो ऐकत होता त्यांच्याकडून पुरे वीस-पंचवीस वॅट निघत होते. तेवढ्यातून आठवा हिस्सा उरला तरी बोलणं ऐकायला पुष्कळ झाला. मोठ्या जहाजांची तर अँटेनाच तीस-तीस मीटरवर. म्हणून "सेट बोलतोय ना" ही परीक्षा निम्मीच. कानाची परीक्षा होते, तोंडाची होत नाही.

तरीही पटेना

इथे लिहिणं थांबवलं असतं तर प्रकरण सुबक दिसलं असतं. पण पावणेदोन वॅटचा आकडा मला खटकत राहिला. मोकळ्या समुद्रावर वायरलेसची लहर सरळ रेषेत जाते, पृथ्वीच्या गोलाईने थोडी वाकते. अँटेना पाण्यापासून जितके मीटर वर, त्याचं वर्गमूळ काढून साधारण सव्वादोनने गुणलं की क्षितिज किती सागरी मैलांवर ते कळतं. चार मीटरला साडेचार मैल. दोन्ही नौकांची अँटेना चार मीटरवर असेल तर नऊ मैल. पाच-सात मैलांवरच्या नौका या हिशेबात बसत होत्या. शांत चॅनलवर, चांगल्या कानाला, पावणेदोन वॅटही तिथे ऐकू यायला हवेत.

म्हणून त्या रात्री जवळ असलेल्या दोन नौकांवर गेलो. दोन्हीकडे स्क्वेल्चचं बटण पाऊण फिरवलेलं. हे बटण सेटची खरखर बंद करायला असतं: खरखर जिथे थांबते तिथून जरासं पुढे, बस. त्यापुढे फिरवलं की खरखरीबरोबर लांबचा, अशक्त आवाजही दारातच अडतो. "एवढं का फिरवलंय?" विचारलं. खलाशी म्हणाला, "दिवे लावले का सेट वरडतो."

डेकवरचे नवे एलईडी दिवे. स्वस्तातल्या दिव्यांच्या पेटीत वीज सेकंदाला हजारो वेळा चालू-बंद होते आणि तिचा कचरा थेट व्हीएचएफच्या, म्हणजे आमचे सेट ज्यावर बोलतात त्या पट्ट्यात पडतो. यात नवं काही नाही. अमेरिकेच्या तटरक्षक दलाने २०१८ मध्येच याबद्दल सुरक्षा इशारा काढला होता. आमच्याकडे दिवे आले, इशारा आला नाही. समजायची युक्ती सोपी: दिवे बंद ठेवून एखाद्या मोकळ्या चॅनलवर स्क्वेल्च खरखर थांबेपर्यंत आणा, मग दिवे लावा. खरखर परत सुरू झाली तर दिवेच गुन्हेगार.

दुसरी गोष्ट चॅनलची. वाडीच्या सगळ्या नौका एका ठरलेल्या चॅनलवर गप्पा मारतात. संध्याकाळी तिथे श्वास घ्यायला जागा नसते. व्हीएचएफचा आवाज एफएम पद्धतीने जातो आणि एफएमचा स्वभाव मोठा निर्दय आहे. एकाच चॅनलवर दोघे बोलले तर जोराचा ऐकू येतो आणि कमजोर पूर्ण पुसला जातो. मागे कोणीतरी पुटपुटतंय एवढंही कळत नाही. मैलभरावरचे दोघे बांगड्याच्या भावावर बोलत होते आणि त्यांच्या आवाजाखाली तांडेलाच्या हाका गाडल्या जात होत्या. दीड तास.

सोळावर का नाही?

हे तांडेलाला विचारायला मला दोन कप चहा लागले. चॅनल १६, म्हणजे १५६.८ मेगाहर्ट्झ, हाका मारण्यासाठी आणि संकटासाठी जगभर राखलेला. तटरक्षक दल त्यावर कान ठेवून असतं, जाणारी-येणारी जहाजं ठेवतात. तिथे गप्पा नसतात, म्हणून कमजोर हाकेलाही जागा मिळते. तांडेल तीस वर्षं समुद्रावर आहेत. त्यांनी १६ लावलाच नव्हता.

"जीवावर बेतलं नव्हतं ना," ते म्हणाले. मग थोड्या वेळाने, "आनि तिथं इंग्लिश बोलतात."

दोन्ही समज मी अनेक नौकांवर ऐकले आहेत, आणि दुसरा जास्त घातक. मराठी, कोकणी, हिंदी, जे येईल ते बोलावं. समोर आपलीच माणसं आहेत. पहिला समज निम्मा बरोबर. "मेडे" ही हाक जीवावर बेततं तेव्हाचीच: नौका बुडतेय, आग लागली. इंजिन बंद पडून वाहत जाणं यासाठी दुसरी हाक आहे, "पॅन पॅन", तीन वेळा. म्हणजे निकड आहे, पण मरण दारात नाही. तांडेलांनी ही हाक कधी ऐकलीच नव्हती. आम्ही ती एका जाड कागदावर लिहिली, प्लॅस्टिकमध्ये घालून सेटच्या बाजूला डकवली:

"पॅन पॅन, पॅन पॅन, पॅन पॅन. सर्व नौकांना. मी (नौकेचं नाव, तीन वेळा). माझी जागा (जीपीएसवरचे दोन्ही आकडे, सावकाश). पंख्यात जाळं, इंजिन बंद, वाहत चाललोय. सहा माणसं. ओढून न्यायला मदत पाहिजे. ओव्हर."

बोलण्याची सवयही करून घेतली. बटण दाबून एक सेकंद थांबायचं, नाहीतर पहिला शब्द कापला जातो. माईक तोंडापासून चार बोटं दूर आणि जरा आडवा, नाहीतर वारा बोलतो. बोलून झालं की बटण सोडायचं. घाबरलेला माणूस ते दाबूनच धरतो आणि मग उत्तर त्याला ऐकूच येत नाही. तांडेलांचा नातू हे पाठ करून आमच्याआधी म्हणायला लागला. तटरक्षक दलाचा १५५४ हा नंबरही सगळ्यांच्या मोबाइलमध्ये घातला, पण नऊ मैलांवर मोबाइलचा भरवसा कोणी धरू नये.

नाखव्यांनी मधेच विचारलं, आता सरकारचा, उपग्रहावरून संदेश पाठवणारा ट्रान्सपाँडर मिळतोय, मग या वायरलेसचं एवढं कशाला? ३० ऑगस्ट २०२४ ला पालघरात त्या योजनेची सुरुवात झाली, एक लाख नौकांना तो द्यायचा आहे, आणि तो जरूर घ्यावा. पण चार मैलांवर जी नौका आहे, तिच्या केबिनमध्ये तुमचा आवाज थेट पोचवणारं यंत्र हेच.

दुरुस्ती, आणि या वेळी खरी चाचणी

दुरुस्तीला एक दिवस पुरला. सेटला बॅटरीपासून वेगळी चार चौरस मिलिमीटरची वायर, बॅटरीच्या तोंडाशीच दहा अँपिअरचा फ्यूज. केबल आरजी-२१३, जाड, मोजून आठ मीटर, गुंडाळी नाही. कनेक्टर नीट सोल्डर केले, त्यावर ताणून गुंडाळली की स्वतःलाच चिकटून एकजीव होणारी रबराची टेप, आणि तिच्यावर उन्हासाठी साधी टेप. केबिनमध्ये शिरण्याआधी केबलला खाली झोका दिला, म्हणजे पाणी तिथून ठिबकतं, आत येत नाही. सेटमागे आता बोलताना ११.८ व्होल्ट मिळतात, इंजिन बंद असताना. अँटेनाच्या टोकाला पोचतात २० वॅट. एसडब्ल्यूआर १.४ आला, म्हणजे जुलैपेक्षा वाईट आकडा! नाखवा चपापले. मी अँटेना काढून दाखवली: काटा सरळ टोकाला.

मग समुद्रावर गेलो. एक नौका सुवर्णदुर्गाच्या बाहेर नांगरून ठेवली आणि आम्ही पश्चिमेला पाच मैल गेलो. इंजिन बंद केलं. दिवे लावले. १६ सोडून एक मोकळा चॅनल घेतला, आधी मिनिटभर ऐकलं, कोणाच्या मधे पडत नाही ना बघितलं. आणि सेट मुद्दाम लो पॉवरवर, एक वॅटवर टाकला. एक वॅटवर पाच मैल ऐकू आलं तर पंचवीसचा साठा हाताशी राहतो. पंचवीसवर जेमतेम ऐकू येत असेल तर बॅटरी जराशी उतरली की सगळं संपलं.

एक वॅटवर आवाज स्वच्छ गेला. तिकडून तांडेलांच्या पुतण्याने उत्तर दिलं. मग मी त्याला डेकचे दिवे लावून स्क्वेल्च नेहमीच्या जागी न्यायला सांगितलं. पुन्हा हाक मारली. उत्तर नाही. तीन वेळा मारली, शांतता. ठरल्याप्रमाणे पाच मिनिटांनी त्याने दिवे बंद करून बटण मागे घेतलं आणि विचारलं, "काय दादा, बोलत का नव्हतात?"

तांडेल माझ्याकडे बघत राहिले. त्या संध्याकाळी त्यांचे पावणेदोन वॅट पुरले असते, समोरचे कान उघडे असते तर. केबल आणि वायर माझ्या चिठ्ठीवरची चूक. ती मी माझ्या खर्चाने भरून दिली. पण कान बाकीच्यांचे. त्यानंतरच्या महिन्यात वाडीतल्या अकरा नौकांच्या दिव्यांच्या वायरी अँटेनाच्या केबलपासून लांब नेल्या, त्यांवर तो कचरा अडवणाऱ्या फेराइटच्या रिंगा चढवल्या, तीन नौकांचे दिवे सरळ बदलले. गप्पांचा चॅनल तोच राहिला, मासेमार गप्पा मारणारच. पण प्रत्येक नौकेचा सेट आता १६ वरही आलटून पालटून कान देईल असा लावून ठेवला आहे.

एक काम अजून लटकलेलं आहे. या सेटवर झाकणाखाली एक लाल बटण आहे. ते दाबून धरलं की सेट चॅनल ७० वरून आपोआप संकटाचा संदेश पाठवतो, जीपीएस जोडलेला असेल तर जागेसकट. पण त्यासाठी सेटमध्ये नौकेचा स्वतःचा नऊ आकडी नंबर भरावा लागतो. भारतीय नौकांचा ४१९ ने सुरू होतो. तो परवान्याबरोबर मिळतो आणि नाखव्यांचे कागद अजून फिरतायत. नंबर नाही तोवर ते बटण नुसतं शोभेचं. तांडेलांना त्याचा भरवसा वाटू नये म्हणून झाकणावर मी पांढरी पट्टी चिकटवली आणि तिच्यावर लिहिलं, "अजून चालू नाही."